सरकार किती मोठं असावं? आणि जोखीम कुणाच्या डोक्यावर?

पारंबी (धागाकर्ता)

सरकारच्या आकारावर चर्चा सुरू झाली की दहा मिनिटांत दोन तट पडतात. एकांचं म्हणणं, सरकारनं सीमा राखावी, न्यायालयं चालवावीत आणि बाकीच्यातून अंग काढून घ्यावं. दुसऱ्यांचं म्हणणं, बाजारात दुबळा माणूस चिरडला जातो, तेव्हा सरकार जितकं जास्त तितकं बरं. दोन्हीकडचं बरंच वाचल्यावर मला वाटायला लागलंय की दोघांच्याही हातातली मोजपट्टी चुकीची आहे. म्हणून हा धागा.

सगळे वापरतात ती पट्टी अशी: सरकारचा एकूण खर्च देशाच्या उत्पन्नाच्या किती टक्के? या पट्टीनं फ्रान्स ५७ टक्क्यांच्या आसपास येतो आणि सिंगापूर साधारणपणे २० च्या आत. म्हणजे सिंगापूरचं सरकार लहान झालं का? तिथली बहुतेक जमीन सरकारच्या मालकीची आहे. तीन-चतुर्थांशाहून जास्त रहिवासी सरकारी मंडळानं बांधलेल्या घरांत राहतात. पंचावन्नच्या आतल्या नोकरदाराच्या पगारातून (एका मर्यादेपर्यंत) २० टक्के आणि मालकाकडून १७ टक्के अशी ३७ टक्के रक्कम सक्तीनं भविष्य निधीत जाते. १९५५ पासून ही पद्धत चालू आहे. पैसा खातेदाराच्या नावावर जमा होतो, म्हणून तो कर धरला जात नाही आणि त्यातून मिळणारं निवृत्तीचं संरक्षण सरकारी खर्चात दिसत नाही. फ्रान्समध्ये हेच काम अंशदान घेऊन आणि पेन्शन देऊन होतं, ते सगळं खर्चात दिसतं. माणसाच्या आयुष्यात सरकार किती शिरलंय हे या टक्केवारीवरून कळतच नाही.

मला वेगळा प्रश्न विचारावासा वाटतो. आजारपण, अपघात, म्हातारपण, काम जाणं, या जोखमी कुणीतरी उचलतंच. ते कोण उचलतं?

शेतीवर जगणाऱ्या समाजात जमीन आणि कुटुंब ती उचलायचं, बरीवाईट. कारखाने आले, माणसं गाव सोडून मजुरीवर जगायला लागली आणि हा आधार तुटला. जर्मनीत तिथला तेव्हाचा चान्सलर बिस्मार्कनं १८८३ मध्ये आजारपणाचा, १८८४ मध्ये अपघाताचा आणि १८८९ मध्ये म्हातारपणाचा विमा आणला. बिस्मार्क काही समाजवादी नव्हता, उलट समाजवाद्यांच्या पायाखालची जमीन काढून घेणं हा त्याचा एक उघड हेतू होता. पण कारखान्यातल्या मजुराची जोखीम एकट्या मजुराला पेलणारी नाही, हे त्याला कळलं होतं. त्याच काळात आडोल्फ वाग्नर हा जर्मन अर्थशास्त्रज्ञ सांगत होता की समाज औद्योगिक होत जाईल तसा सरकारी खर्चाचा वाटा वाढत जाईल. पहिल्या महायुद्धाआधी पुढारलेल्या देशांत हा वाटा दहा-बारा टक्क्यांच्या आसपास होता. आज त्यांतल्या बहुतेकांत तो चाळीसच्या वर आहे.

आता मुद्द्यावर येतो. विसाव्या शतकात हे संरक्षण बहुतेक ठिकाणी नोकरीला बांधलं गेलं, आणि कधीकधी अगदी योगायोगानं. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, पगारवाढीवर सरकारनं बंधन घातलं. कामगार टिकवायला मालकांकडे पगार वाढवण्याचा मार्ग उरला नाही. आरोग्यविमा मात्र या बंधनातून वगळला होता, म्हणून तो देण्याची चढाओढ लागली. पुढे त्यावर करसवलतही पक्की झाली. युद्ध संपलं, बंधन गेलं, पण पद्धत राहिली. परिणाम असा की माणसाची नोकरी जाते त्याच आठवड्यात त्याचा विमाही धोक्यात येतो. आधाराची सर्वांत जास्त गरज असते नेमका तेव्हा.

ही गाठ आता सगळीकडेच सैल होतेय. कंत्राटी काम, लहान मुदतीचं काम, ॲपवरून मिळणारं काम. मालक कोण, हेच ठरत नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाला २०२१ मध्ये ठरवावं लागलं की उबरचे चालक स्वतंत्र व्यावसायिक नसून किमान वेतन आणि पगारी रजेचे हक्क असलेले कामगार आहेत. एकेका व्यवसायासाठी कोर्टकचेरी करून हे किती दिवस चालणार?

माझं मत: संरक्षण माणसाला जोडलेलं हवं, नोकरीला नको. धंद्याची जोखीम मात्र धंद्यानंच घ्यावी. डेन्मार्कमध्ये कामावरून काढणं तुलनेनं सोपं आहे, कायद्यानं ठरवलेलं किमान वेतनसुद्धा नाही (ते संघटना आणि मालक करारानं ठरवतात). पण काम गेलेल्या विमाधारकाला दोन वर्षांपर्यंत भत्ता मिळतो, आधीच्या पगाराच्या ९० टक्क्यांपर्यंत, वर एक कमाल मर्यादा. शिवाय नवं काम शिकवण्यावर सरकार भरपूर खर्च करतं. तिथे सरकार माणसाला वाचवतं, जुनी नोकरी वाचवत बसत नाही. बदलत्या अर्थव्यवस्थेत मला हीच सरकारची जागा वाटते.

तुमची मतं वाचायला आवडतील.

---

तिठा

मांडणी आवडली, निष्कर्ष पटला नाही.

सिंगापूरच्या उदाहरणातूनच सुरू करतो. खात्यावर माझं नाव आहे आणि पैसा माझ्याच म्हातारपणी मला मिळणार आहे, हा फरक तुम्ही किरकोळ समजताय. कराच्या पैशावर उद्याचं सरकार काय करेल ते माझ्या हातात नाही. माझ्या मते सरकारच्या आकाराचा प्रश्न शेवटी इथे येतो: माझ्या कमाईबद्दलचे किती निर्णय दुसरं कुणी घेतं?

दुसरं, एकदा दिलेलं संरक्षण परत घेता येत नाही. ज्याला मिळतं तो संघटित असतो, ज्याच्याकडून घेतलं जातं तो विखुरलेला. म्हणून खर्च एकाच दिशेनं सरकतो. वाग्नरचा नियम तुम्ही निसर्गनियमासारखा मांडलात, मला त्यात राजकारण दिसतं. आणि मागे फिरता येतं याचं उदाहरण आहे. न्यूझीलंडनं १९८४ पासून शेतीची जवळजवळ सगळी अनुदानं काढून टाकली. शेती बुडेल असं तेव्हा म्हणत होते. काही वर्षं फार कठीण गेली, जमिनीच्या किमती पडल्या, पण शेतकऱ्यांनी पिकं आणि जनावरं बदलली, खर्च कमी केला, आणि आज तो देश शेतमालाच्या निर्यातीवर उभा आहे.

तिसरं. "धंद्याची जोखीम धंद्यानं घ्यावी" हे वाक्य २००८ मध्ये कुठे गेलं होतं? सप्टेंबरात लेहमन ही मोठी अमेरिकन बँक बुडाली आणि काही आठवड्यांत अमेरिकन संसदेनं ७०० अब्ज डॉलरच्या बचाव योजनेला मंजुरी दिली. ज्या सरकारकडे उचलण्याची ताकद असते, त्याच्याकडे सर्वांत आधी सर्वांत मोठा पोचतो. म्हणून मला ती ताकदच मर्यादित हवी आहे.

---

ओंजळ

मी परिचारिका आहे, अर्थशास्त्र शिकलेले नाही, तरी लिहिते.

बारा वर्षांत मी चार संस्था बदलल्या. एकदाही स्वतःच्या हौसेनं नाही. प्रत्येक वेळी कंत्राट दुसऱ्या एजन्सीकडे गेलं आणि आम्ही त्याच वॉर्डात, त्याच पेशंटजवळ, नवीन कागदावर सही करून पुन्हा "नवीन" झालो. रजेचा हिशेब शून्यापासून. सेवेची वर्षं शून्यापासून. दुसऱ्या बदलाच्या वेळी मला सातवा महिना होता आणि प्रसूती रजेसाठी लागणारे दिवस नव्या एजन्सीकडे भरत नव्हते. काम तेच, हात तेच, पण कागदावर मी तीन आठवड्यांपूर्वी जन्मले होते.

तिठा, तुम्ही म्हणता संरक्षण मिळणारे संघटित असतात. आम्ही नव्हतो. दर दोन-तीन वर्षांनी आमची ताटातूट व्हायची.

धागाकर्त्यांचं "माणसाला जोडलेलं" हे वाक्य मी दोनदा वाचलं.

---

वाटसरू

ओंजळ, लिहिलंत ते बरं केलंत.

तिठा यांच्या "माझं नाव, माझं खातं" या मुद्द्याला चिलीचं उदाहरण जोडतो. १९८१ मध्ये लष्करी राजवटीत तिथे जुनी पेन्शन मोडून वैयक्तिक खाती आली. पगाराच्या १० टक्के रक्कम खासगी निधी कंपन्यांकडे. जगभर या प्रयोगाचं कौतुक झालं. आकाराच्या पट्टीवर सरकार लहान झालं. पण ज्यांचं काम अखंड नव्हतं, जे कधी नोकरीत, कधी स्वतःच्या धंद्यात, कधी घरी, त्यांच्या खात्यात भर पडण्याच्या तारखांमध्ये मोठमोठी भोकं पडली. बायकांच्या खात्यात जास्त. खातं होतं, नाव होतं, पैसा नव्हता. २००८ मध्ये सरकारला करातून पैसे घालून तळाचा एक आधारथर उभा करावाच लागला.

म्हणजे खातं माणसाला जोडून पुरत नाही. त्यात काम नसतानाच्या महिन्यांत कोण भर घालणार, हे ठरवावं लागतं. पारंबी, तुमच्या मांडणीत हे आलेलं नाही.

---

पारंबी (धागाकर्ता)

वाटसरू, बरोबर. "जोडलेलं" एवढं लिहून मी अर्धीच गोष्ट सांगितली. भर कुणाची, हा दुसरा अर्धा.

तिठा, न्यूझीलंडचं उदाहरण मला माझ्या विरोधातलं वाटत नाही. सरकारनं धंद्याची जोखीम उचलणं सोडलं, तेच मी म्हणतोय. २००८ बद्दल तुमचा राग रास्त आहे. पण बँका वाचवाव्या लागल्या त्याचं एक कारण, त्यांच्यावर आधी नियंत्रण नीट नव्हतं. ताकद कमी होती म्हणून नंतर बिल मोठं आलं. ब्रिटननं १९८४ मध्ये दूरध्वनी कंपनी विकली तेव्हा सोबत नियामक नेमला, १९८९ मध्ये इंग्लंड-वेल्सच्या पाणी कंपन्या विकल्या तेव्हाही नेमला. मालकी सोडली की सरकारचं काम संपत नाही, त्याचं रूप बदलतं. आणि नियमन करायला खर्च कमी, अक्कल जास्त लागते.

---

तिठा

"अक्कल जास्त लागते" हे तुम्हीच लिहिलंत म्हणून विचारतो. ती आहे, हे गृहीत का धरायचं?

---

हिशेबनीस

इथे मला बोलायलाच हवं. माझं अख्खं नोकरीचं आयुष्य सरकारी लेखा विभागात गेलं. वरच्या सगळ्या चर्चेत एक गोष्ट राहून जातेय: सरकारनं काय करावं यावर सगळे वाद घालतात, सरकारला काय करता येतं हे कुणी विचारत नाही.

२०२० चा वसंत आठवा. साथ एकच, धक्का एकच. जर्मनीकडे जुनी, रुळलेली व्यवस्था होती: मालकानं कामाचे तास कमी करायचे, कामगार नोकरीतच ठेवायचा आणि बुडालेल्या पगाराचा मोठा हिस्सा रोजगार संस्थेनं भरायचा. अर्ज ठरलेला, अधिकारी सरावलेले. एप्रिलमध्ये सुमारे ६० लाख माणसं या योजनेत होती आणि बेकारी फारशी वाढली नाही. अमेरिकेत त्याच महिन्यात बेकारी १४ टक्क्यांच्या पुढे गेली.

अमेरिकेनं पैसा कमी दिला असं नाही, उलट सढळ हातानं दिला. पण तो कसा दिला ते पाहा. आधीच्या पगाराच्या प्रमाणात भत्ता द्यावा अशी कल्पना होती. बेकारी भत्ता तिथे राज्यं देतात आणि कित्येक राज्यांच्या संगणक प्रणाली इतक्या जुन्या होत्या की प्रत्येकाच्या पगारावरून वेगळी रक्कम काढणं त्यांना वेळेत जमणार नव्हतं. म्हणून सरसकट आठवड्याला ६०० डॉलरची भर ठरली. कमी पगाराच्या कित्येकांना कामावर असताना मिळत होतं त्याहून जास्त मिळालं. मग यावर महिनोन्महिने वाद झाला की लोक आळशी होतात का. लोकांच्या स्वभावावर वाद, आणि मूळ कारण कोबोल या जुन्या संगणकभाषेत लिहिलेला हिशेबाचा प्रोग्रॅम! न्यू जर्सीच्या गव्हर्नरांनी तर भर पत्रकार परिषदेत कोबोल येणाऱ्या स्वयंसेवकांना हाक दिली होती. ती भाषा १९५९ मध्ये घडवायला घेतलेली.

मी हे ऐकलं तेव्हा मला आमचं कार्यालय आठवलं. योजना वर ठरते, टाळ्या मिळतात, आणि खाली ज्या टेबलावर ती उतरते तिथे तीन पदं रिकामी असतात. आम्ही एकदा लाभार्थ्यांच्या दोन याद्या हातानं ताडून पाहिल्या, कारण दोन खात्यांच्या नोंदींमध्ये एकाच माणसाचं नाव दोन तऱ्हेनं लिहिलेलं. पाच महिने गेले. त्या पाच महिन्यांत ज्यांना पैसे मिळाले नाहीत त्यांच्यासाठी सरकार मोठं होतं की लहान? त्यांच्यासाठी ते नव्हतंच.

एस्टोनियानं २००१ मध्ये सगळ्या खात्यांच्या नोंदी एकमेकींशी बोलतील अशी व्यवस्था उभी केली. जेमतेम तेरा-चौदा लाख लोकांचा देश. नागरिकानं एकदा दिलेली माहिती सरकारनं पुन्हा मागायची नाही, हे तत्त्व त्यांनी धरलं. यात आकार कुठे आला? टक्केवारीत ही गोष्ट दिसणारसुद्धा नाही. ओंजळ यांच्या सेवेची वर्षं एजन्सीच्या फायलीत न राहता अशा नोंदीत राहिली असती, तर सही बदलली तरी त्या "नवीन" झाल्या नसत्या.

तिठा, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर: अक्कल गृहीत धरू नये. ती पगार देऊन, माणसं टिकवून, नोंदी नीट ठेवून कमवावी लागते. आणि "सरकार लहान करा" अशी लाट येते तेव्हा पहिली कुऱ्हाड नेमकी यावर पडते. योजना कुणी बंद करत नाही, ती राबवणारी माणसं कमी करतात.

---

वाटसरू

हिशेबनीस, धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रतिसाद. ब्राझीलच्या केंद्रीय बँकेनं २०२० मध्ये सुरू केलेलं पिक्स आणि भारतात २०१६ मध्ये आलेलं यूपीआय हीसुद्धा याच जातीची उदाहरणं. पैसे पाठवण्याचा रस्ता सार्वजनिक, त्यावर गाड्या कुणाच्याही. ॲडम स्मिथनं १७७६ मध्ये राज्याची तीन कामं सांगितली होती: संरक्षण, न्याय, आणि समाजाला मोठा फायदा पण एकट्यादुकट्याला बांधायला न परवडणारी सार्वजनिक कामं. तिसऱ्या कामात तेव्हा पूल आणि कालवे होते, आज हे आहे.

---

तिठा

हिशेबनीसांचं म्हणणं मान्य. राबवणाऱ्याला उपाशी ठेवून योजना चालू ठेवणं याला मीही छोटं सरकार म्हणणार नाही.

पण खर्चाचा प्रश्न उरतोच. जपानमध्ये पासष्टीपुढची माणसं जवळपास २९ टक्के आहेत आणि सरकारी कर्ज देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या दुपटीहून जास्त. ओंजळ ज्या सेवेत आहेत तीच सेवा दरवर्षी महाग होतेय. नवीन संरक्षण जोडण्याआधी हे कुठे थांबणार ते सांगा.

---

ओंजळ

महाग होतेय म्हणता, पण आमचा पगार तसा वाढलेला नाही.

---

पारंबी (धागाकर्ता)

तुम्हा दोघांनाही एकत्र उत्तर देतो, कारण प्रश्न एकच आहे.

विल्यम बॉमोल या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात हे संगीतमैफलीच्या उदाहरणानं समजावलं होतं. चार वादकांची रचना वाजवायला दोनशे वर्षांपूर्वी जेवढी माणसं आणि जेवढा वेळ लागायचा, तेवढाच आजही लागतो. कारखान्यात मात्र एक कामगार पूर्वीच्या कित्येक पट माल काढतो, त्यामुळे तिथले पगार वाढतात. वादकालाही जगायचं असतं, त्याचा पगार थोडाफार तरी वाढवावा लागतो. म्हणून मैफल मालाच्या तुलनेत महाग होत जाते, कुणीही उधळपट्टी न करता.

आता सरकार काय करतं ते पाहा. शिकवणं, आजाऱ्याची शुश्रूषा, म्हाताऱ्यांची काळजी, न्याय, पोलीस. सगळी मैफलीच्या जातीची कामं. एका परिचारिकेनं एका तासात दुप्पट पेशंट सांभाळले तर आपण त्याला प्रगती म्हणणार नाही. म्हणजे सरकारनं एकही नवं काम हाती घेतलं नाही तरी त्याचा टक्का वाढत राहणार. तो टक्का जबरदस्तीनं स्थिर ठेवायचा तर एकच रस्ता उरतो: ओंजळ यांच्यासारख्यांचा पगार दाबणं आणि त्यांना एजन्सीच्या कंत्राटावर टाकणं. बचत झाली असं कागदावर दिसतं. खरं तर जोखीम सरकारच्या वहीतून निघून एका गरोदर परिचारिकेच्या डोक्यावर गेलेली असते.

कुठे थांबणार, याचं एक उत्तर मला स्वीडनमध्ये दिसतं. नव्वदीच्या सुरुवातीच्या संकटात तिथला सरकारी खर्च देशाच्या उत्पन्नाच्या दोन-तृतीयांशापर्यंत गेला होता. त्यांनी खर्चाला कमाल मर्यादा घातली आणि पेन्शन अशी बदलली की आयुर्मान वाढलं, अर्थव्यवस्था मंदावली तर रक्कम आपोआप जुळते. खर्चाचा वाटा निम्म्याच्या आसपास आला. पण आजारपणात, बाळंतपणात, काम गेल्यावर माणूस एकटा पडत नाही, हे त्यांनी सोडलं नाही. मला हिशेबाची अशी शिस्त मान्य आहे.

---

तिठा

स्वीडनची आपोआप जुळणारी पेन्शन हा माझ्याच बाजूचा मुद्दा आहे, कारण तिथे राजकारण्याच्या हातातून निर्णय काढून घेतलाय. पण बॉमोलचा मुद्दा मी आजवर असा पाहिला नव्हता. वाढणारा प्रत्येक टक्का मी आजवर उधळपट्टीत धरत होतो. यापुढे आधी विचारेन की पैसा पगारात गेला की नव्या खात्यात.

माझी एक अट मात्र कायम. माणसाला जोडलेलं संरक्षण द्यायचं असेल तर ते देणारा कायदा ठरावीक वर्षांनी पुन्हा मतदानाला आला पाहिजे. आपोआप चालू राहता कामा नये.

---

हिशेबनीस

तिठा, अट चांगली आहे, फक्त तिच्यात एक भर घाला. कायदा पुन्हा मतदानाला येईल तेव्हा सोबत एक कागद हवा: किती अर्ज आले, किती निकाली निघाले, किती दिवसांत, आणि किती जण पात्र असून बाहेर राहिले. शेवटचा आकडा कोणतंही खातं स्वतःहून काढत नाही. माझ्या सगळ्या नोकरीत तो मला एकदाही कुणी मागितला नाही.

---

ओंजळ

तो आकडा काढायचा ठरला तर माझे तीन आठवडे त्यात धरा.